चांदपाशा प्यायलेला नव्हता

औरंगाबाद,
शनिवार, ६ जून १९९८

चि. काकासाहेब,

रीतीनं इथं आशीर्वाद लिहायचा असतो. तो रामकिसनला आणि नव्या सूनबाईला सांग. तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवलेला नाही.

आम्ही ठीक. आईचा गुडघा तसाच आहे. परवा कूलरची मोटर जळाली, तेव्हापासून ती खाटेभोवती ओले पंचे टांगून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आमच्या काकानं केलं तसं लग्न कुनी केलं नाय." खरं बोलते. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू त्यात रोज स्कूटर धुतो. असली माणसं पाहिली की मला तुझी आठवण येते.

तू फोन उचलत नाहीस. द्वारकाबाई "हे बाहेर गेलेत" म्हणते तेव्हा मागं तुझं खाकरणं स्पष्ट ऐकू येतं. स्वतःच्या बायकोला खोटं बोलायला लावून सोफ्यावर बसणारा माणूस चार गावांत पुढारी म्हणून मिरवतो, याची मला मौज वाटते. म्हणून पत्र लिहितोय.

गेल्या सोमवारी क्रांती चौकात तुझ्या वर्कशॉपमधला पुंजाराम भेटला. म्हणाला, "मोठे साहेब, लगीन लई झकास झालं. निस्ता त्या बँडवाल्यानं घोळ केला. ढोसून आला व्हता म्हनं." मी विचारलं, कोण म्हणतं? तर म्हणाला, "काकासाहेबच सांगत्यात समद्यांना."

चांदपाशा ढोसून आला होता! चितेगावात आपल्या घरामागच्या गल्लीत वाढलेला चांदपाशा. माझ्या लग्नात आणि तुझ्या लग्नात ज्यानं क्लॅरिनेट वाजवलं तो. "रामकिसनच्या लग्नात चांदपाशाच पायजे," असा हट्ट तूच शफीककडं धरला होतास. शफीक बँडचा मालक असला तरी चांदपाशाला चाचा म्हणतो. तो तुला म्हणाला होता, चाचा आता साठीचे झालेत, उन्हाचं त्यांना झेपत नाही. तू म्हणालास, "बसून वाजवंल." त्या दिवशी तू त्याला बसू दिलंस का, ते तुझं तूच आठव.

मुळापासून लिहितो, कारण तुला सोयीचं तेवढंच आठवतं.

गेल्या दिवाळीत मी शेवटच्या सफरीवरून परत आलो. पस्तीस वर्षं जहाजावर काढली, पण मी तिथं काय करतो हे तू कधी विचारलं नाहीस. "दादा बोटीवर असतो" एवढ्यावर तुझं भागायचं. माझ्या कामातलं एक काम असं होतं: रोज ठरल्या वेळेला कॅनव्हासची बादली दोरीनं समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर धरायचा आणि आकडा वहीत लिहून बिनतारी यंत्रानं हवामानवाल्यांना कळवायचा. सप्टेंबरात आम्ही पेरू देशाच्या किनाऱ्यानं चाललो होतो. तिथलं पाणी एरवी सतरा-अठराच्या वर जात नाही. त्या आठवड्यात तेवीसच्या खाली येईना. मी थर्मामीटर बदलून पाहिला, तरी तेच. किनाऱ्यावर मासे संपले होते, कोळी होड्या उलट्या घालून बसले होते.

हे मी दिवाळीच्या फराळाला तुम्हा सगळ्यांना सांगितलं. तिकडचे वारे मंदावले की पश्चिमेकडं साठलेलं गरम पाणी पूर्वेला पसरतं. त्या पाण्यावरची हवा तापून वर चढते आणि मग जगभरच्या वाऱ्या-पावसाची नेहमीची मांडणी विस्कटते. असं झालं की पुढचा उन्हाळा बहुधा आपल्याकडं जास्त भाजतो. आता आपला समुद्रही तापायला लागलाय, असं जहाजावर येणाऱ्या बातम्या सांगत होत्या. बादलीला तारीख कळत नाही, अमुक दिवशी अमुक होईल असं मी म्हणालो नव्हतो. एवढंच म्हणालो होतो की रामकिसनचं लग्न फेब्रुवारीत उरकून घे, नाहीतर संध्याकाळचा मुहूर्त धर.

तू चकली मोडलीस आणि म्हणालास, "दादा, पेरूतलं पानी तापलं तर आपल्या पेरूच्या बागंला काय व्हतं?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मला राग आला तो हसण्याचा नव्हे. बाग तुझी नाही, विनोद तुझा नाही, आणि तरी दाद घेताना तू मिशीवरून हात फिरवलास, त्याचा राग आला. त्या दिवसापासून तुम्हा सगळ्यांचाच मला मनापासून वीट आला. हे आधी कधी बोललो नाही, आता लिहून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

मग चोवीस मे. दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. पत्रिकेवर आमदारांचं नाव नवरदेवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात. मिरवणूक दहाला निघायची, ती साडेअकराला निघाली, कारण आमदार चिकलठाण्याला विमानतळावर कुणाला तरी आणायला गेले होते. आणि तू शफीकला ओरडून सांगितलंस, "सायब येईस्तोवर बँड थांबता कामा नये." त्या दिवशी पारा त्रेचाळीसच्या वर होता. जालना रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. घोडा बिथरू नये म्हणून त्याच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकलं होतं आणि त्याला दोनदा पाणी पाजलं. बँडवाल्यांच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेले लाल जाड कोट होते. त्यांना पाणी पाजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुझ्या हिशेबी ते वरातीचा आवाज होते, माणसं नव्हती.

दहापासून दोन तास वाजवून झाल्यावर चांदपाशाचा सूर घसरला. तो थांबला, दुभाजकावर टेकला, उठला, पुन्हा टेकला. कोटाची बटणं चाचपत स्वतःशीच काहीतरी बडबडू लागला. रामकिसनच्या एका मित्रानं त्याला नाचायला ओढलं, तर तो भेलकांडला. पोरं हसली.

मी मागं होतो.

हे वाक्य लिहून मी पाऊण तास उठून गेलो होतो. पुंजारामला मी हेच सांगितलं, आईलाही हेच. आता नीट लिहितो. मी मागं नव्हतो. मी तुझ्या नव्या थंड हवेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो होतो, आणि गाडी बँडपासून दहा हातांवर होती. काच वर होती. चांदपाशाचं तोंड मला स्वच्छ दिसत होतं. लाल झालेलं, आणि कोरडं. इतक्या उन्हात, इतक्या जाड कोटात, कपाळावर घामाचा थेंब नाही. काकासाहेब, मी हे आधी पाहिलेलं आहे. इराणच्या आखातात आमच्या इंजिनरूममधला एक माणूस असाच कोरडा पडून बडबडायला लागला होता. त्याला आम्ही बर्फाच्या पाण्यात घातलं म्हणून तो जगला. त्या अख्ख्या मिरवणुकीत चांदपाशाला काय झालंय हे ओळखू शकणारा एकच माणूस होता.

तेवढ्यात तू येऊन काचेवर टकटक केलीस. मी काच चार बोटं खाली घेतली. तू विचारलंस, "दादा, ह्याला काय झालं?"

मी म्हणालो, "प्यायलाय."

का म्हणालो? मला तिथलं कुणीच माणूस वाटत नव्हतं म्हणून. तू, आमदार, नाचणारी पोरं, सगळ्यांवर मी आत बसून थुंकत होतो, आणि त्या थुंकीत चांदपाशाही आला. मी नीट पाहिलंच नाही. की पाहिलं, आणि उन्हात उतरायचा कंटाळा केला? दोन आठवडे हेच विचारतोय स्वतःला. उत्तर रोज दुसरं येतं.

मग तू तुझ्या स्वभावाप्रमाणं वागलास. "बाजूला बसवा त्याला, उतरंल," म्हणालास. शफीक म्हणत होता, "काकासाब, चाचा पीते नै, कसम से!" तू ऐकलं नाहीस. बंद दुकानाच्या पायरीवर, उन्हातच, त्याला बसवलं आणि मिरवणूक पुढं निघाली. वीस मिनिटांनी आंतरपाट धरला तेव्हा माझ्या हातातल्या अक्षता खाली पडल्या आणि मी धावत मागं गेलो. तो पायरीवर आडवा होता. रिक्षात घातलं, अंगावर पाणी ओतत दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उष्माघात, अर्धा तास आधी आणायचं होतं. संध्याकाळी पाचला तो गेला.

चार दिवसांनी मी चांदपाशाच्या घरी, त्याच्या बायकोकडं, बिल्किसभाभीकडं गेलो. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती: "गए सो गए, भाईसाब. जिंदगीभर एक रोजा नै छोडे उनो. अब लोगां पूछ रे, पीते थे क्या?" त्यांच्या लेकीचं, ताहेराचं, लग्न ठरलंय, आणि मुलाकडच्यांनीही तेच विचारलं. मी मान खाली घालून ऐकलं आणि तसाच उठून घरी आलो. तुझी लाज काढायला निघालेला मी!

काल पुन्हा गेलो. शुक्रवारची नमाज झाल्यावर शफीक आला होता, मोहल्ल्यातले चारजण होते, ताहेराचा होणारा सासराही होता. सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं, चांदपाशा प्यायलेला नव्हता. ते मी म्हणालो, खोटं म्हणालो, आणि माझ्या भावानं ते गावभर केलं. तो वाचला असता.

ताहेराच्या सासऱ्यानं माझं ऐकून घेतलं. मग ताहेराला म्हणाला, "बेटी, तारीख वही रहेगी." मी आलो तेव्हा बिल्किसभाभीनं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला होता. तो तिनं उचलला आणि आत नेला. मी जायला निघालो तेव्हा तिनं दाराकडं पाठ केली होती.

आता तुझं. पुढच्या शुक्रवारी तू तिथं जाशील आणि तुझ्या तोंडानं तेच सांगशील. गाडी न्यायची नाही, पुढाऱ्यांना बरोबर न्यायचं नाही, आणि तिथं "दादानं सांगितलं म्हणून" असं म्हणायचं नाही. ते मी सांगून झालंय. तू गेला नाहीस तर हेच पत्र पुंजारामला देईन. तुझ्या वर्कशॉपच्या फाटकात उभा राहून तो ते जोरानं वाचेल, त्याला वाचायची हौस आहे.

तू मला तुच्छ वाटतोस, हे एवढ्या वर्षांत तुझ्या ध्यानात आलंच असेल. पण त्या दुपारी काचेच्या आत मी होतो.

तुझा, हे मोडता येत नाही म्हणून,
भाऊ
बद्रीनाथ