मी जिवंत असल्याचा खुलासा

फुलचूर, गोंदिया
९ एप्रिल २००६

तीर्थरूप झामसिंगदादांच्या पायांवर धाकट्या भोजराजचं डोकं.

इकडे मी खुशाल आहे. हे वाक्य पत्रात सगळेच लिहितात आणि वाचणारा ते न वाचताच पुढे जातो. पण तुम्ही कृपा करून दोनदा वाचा, कारण या पत्रातला निम्मा मजकूर तेवढाच आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? उन्हाळी धान लावला का? (अकरा वर्षांनी विचारतो आहे, तेव्हा सगळं एकदम विचारून घेतो.) डोक्यावर केस कितपत आले, हेही विचारायचं होतं, पण पत्राच्या सुरुवातीलाच तेवढी हिंमत होत नाही.

तुम्ही म्हणालात म्हणे, की भोजराजनं हे मुद्दाम केलं, माझं गावात हसं करायला. दादा, मुद्दाम ठरवून जमलेली एकही गोष्ट माझ्या आयुष्यात नाही, मग हीच कशी जमेल? नाटकाची कामं सुटल्यावर मी इथल्या मायानगरी पार्कात भूत म्हणून लागलो, एवढं तुमच्या कानावर आलं नसणार, कारण माझं नाव तुमच्या घरात कोणी काढायचं नाही असा तुमचा हुकूम. पार्क म्हणजे श्यामलाल सेठच्या दोन घसरगुंड्या, एक पाळणा, एक सिमेंटचा हत्ती (सोंड पहिल्याच वर्षी गेली) आणि भूतबंगला. बंगल्यात पलंग, कपाट, बंद घड्याळ अशी एक जुनी खोली मांडली आहे. खोली आणि प्रेक्षक यांच्यामध्ये एक भली मोठी काच तिरपी उभी आहे, पण अंधारात ती कोणाला दिसत नाही. प्रेक्षकांच्या पायाखाली काळा रंग मारलेला खड्डा, त्यात मी. माझ्यावर दिवा लावला की माझं प्रतिबिंब काचेत पडायचं, आणि लोकांना पलंगाजवळ एक म्हातारा दिसायचा, ज्याच्या पोटातून मागचं कपाट दिसतं. दिवा मंद केला की मी विरून जायचो. चार वर्षं मी दिवसातून वीस वेळा विरलो. पगार बरा होता, पण खड्ड्यात वारा नव्हता, त्यामुळे मला खोकला लागला. भूत खोकलं की माणसं घाबरायची सोडून हसायला लागायची, आणि सेठचा चेहरा पडायचा.

म्हणून सेठनं मागच्या दिवाळीत नागपूरहून कॅमेरावाला आणला. त्यानं माझं एकदाच शूटिंग घेतलं आणि खड्ड्यात माझ्या जागी एक पांढरा पडदा लावून दिला. आता प्रोजेक्टर त्या पडद्यावर मला पाडतो आणि काच मला पलंगाजवळ उभं करते. शूटिंगच्या वेळी माझा हात सवयीनं उजव्या कानाकडे गेला. (बाबांचाही जायचा, तुमचाही जातो.) मी म्हटलं, पुन्हा घ्या, तर कॅमेरावाला म्हणाला, चलता है. तेव्हापासून माझं भूत दिवसातून पन्नास वेळा कान खाजवतं. सेठला ते माझ्यापेक्षा फार आवडतं, कारण ते खोकत नाही आणि लग्नसराईत सुट्टी मागत नाही. माझ्याकडे आता काच पुसायचं काम आहे. एक बोट जरी उमटलं तरी काच आहे हे कळतं, म्हणून रोज सकाळी मी ओलं फडकं घेऊन उभा राहतो. चाचणीसाठी प्रोजेक्टर चालू असला, की मी माझ्याच छातीवरून फडकं फिरवतो. वाईट वाटतं, दादा. नाटकात माझ्या जागी दुसरा नट घेतला असता तर भांडलो तरी असतो, पण इथे माझ्या जागी मीच लागलो आहे.

आता मुख्य प्रकार. महाशिवरात्रीला आपल्या गावच्या बायका इकडच्या प्रतापगडला महादेवाच्या जत्रेला गेल्या होत्या, त्या परत जाताना पार्कात शिरल्या. त्यांतल्या सुलोचनाबाईंना सांगाडे आणि वटवाघळं प्लास्टिकची आहेत हे बरोबर कळलं, त्या बाई हुशारच आहेत. पण नंतर पलंगाजवळ मी उगवलो. त्यांनी चांगल्या आवाजात विचारलं, काऊन गा भोजराज, बरा आहेस का? मी त्यांच्या आरपार पाहिलं, कान खाजवला, "मले न्यायले कोनी आलं का?" असं म्हटलं आणि भिंतीत गेलो. बाकी सगळं खोटं आहे आणि कान मात्र आपल्या पाटले घराण्याचा आहे, तेव्हा भोजराज या घरात मेला आणि सेठ त्याच्यावर तिकीट लावून बसला, असा हिशेब त्यांनी केला. मला त्यात चूक काढता येत नाही.

तुम्ही खात्री करायला आपल्या पोराला, तिलकला पाठवलं, हेही मला नंतर कळलं. पोरगं शहाणं, पण आमची शेवटची गाठ पडली तेव्हा ते पाटी घेऊन शाळेत जायचं. त्यानं गेटवर विचारलं, भोजराजकाका इथंच असतात का. गेटवाला रायपूरकडचा, त्यानं खरं ते सांगितलं: "भोजराज? वो तो कब का भूत हो गया. अंदर है, देख लो." तिलक आत गेला, पाहिलं, आणि सरळ स्टँडवर जाऊन गावची गाडी धरली. मी त्या वेळी मागच्या बाजूला फडकं पिळत होतो.

मला काहीच ठाऊक नव्हतं. माझं तेरावं होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई दोघींना घेऊन फुलचूरला माझ्या बायकोचं, रुख्माचं सांत्वन करायला आल्या आणि दारातच त्यांनी गळा काढला. मी न्हाणीतून टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. कोण गेलं हे विचारणं बरं दिसेना, म्हणून मीही खाली बसून थोडा रडलो. चांगला रडलो, सवय आहे. मग सुलोचनाबाईंनी पदर बाजूला करून पाहिलं आणि त्या आडव्या झाल्या. कांदा हुंगवून त्यांना उठवलं, चहा मी स्वतः केला, पण माझ्या हातचा त्यांनी घेतला नाही.

त्यांच्याच तोंडून बाकीचं कळलं. आपल्या घरात थोरल्यानं धाकट्यासाठी डोकं करायचं नसतं. न्हाव्यानं वस्तरा थांबवून तुम्हाला तशी आठवणही दिली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "चालव गा. भाऊ नोहे, लेकरू होतं माहं." आणि चाळीस वर्षांची मिशीही दिलीत. मी हे ऐकलं आणि काच पुसायला निघून गेलो. बाबा गेले तेव्हा मी वडशाकडे प्रयोगात होतो, एका खोट्या बापाच्या प्रेतावर पडून रडत होतो, आणि लोक वन्स मोर देत होते. निरोप घेऊन आलेला माणूस नाटक बघत बसला आणि पडदा पडल्यावर भेटला. (तो कोण हे मी तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगत नाही. त्याची मुलं मोठी झाली आहेत.) मी घाटावर पोचलो तेव्हा राख भरणं चाललं होतं. तुम्ही चारचौघांत म्हणालात, आजपासून माझा भाऊ मेला. मी ते खरं धरून अकरा वर्षं राहिलो. आता कळतं की तुम्ही ते खरं धरलं नव्हतं.

मी जिवंत आहे हे कळल्यावर तुम्ही तिलकजवळ एवढंच म्हणालात, "त्याले सांगजो, नाटकं पुरे झाले." सांगितलं त्यानं. रागवा, तुमचा हक्क आहे. फक्त मी मेल्यावर तुम्ही जो राग सोडला होता, तो मी जिवंत निघालो म्हणून परत उचलू नका.

वहिनींना नमस्कार. तिलकला सांगा, काकाची तक्रार नाही.

तुमचा,
(हयात) भोजराज

ता. क. : तेराव्याला माझ्या नावानं छत्री आणि चपला दान केल्यात असं कळलं. परत मागू नका. ऊन फार आहे, ज्याला मिळाल्या त्याला लागतील.

ता. क. : भुताला सेठनं लिहून दिलेलं बोलणं फक्त "हा हा हा" एवढंच होतं. कॅमेरावाला म्हणाला, टेप उरली आहे, आणखी काही बोला. तेव्हा ते न्यायला येण्याचं माझ्या तोंडून निघालं. पुढच्या महिन्यात सेठ काच काढून प्लास्टिकचा पडदा लावणार आहे, तो पुसावा लागत नाही. रुख्मा म्हणते गावी जाऊ. मी म्हणतो, ज्यानं मेला म्हटलं त्यानं न्यायला यावं. जमीन नको, वाटा नको. ओसरीवर माझी खाट टाकायला जागा असली तर एक दिवस या.

ता. क. : आलात तर गेटवर माझं नाव विचारू नका, तो पुन्हा तेच सांगेल. मागच्या दारानं आत या. काचेपाशी दोन भोजराज दिसतील, दोघंही कान खाजवतील. खोकेल तो मी.