‘जन्मभर आणि मंडळी’ या नावाचा खुलासा

मी, गहिनीनाथ आसाराम ढवळे, वय ६१, धंदा छापखान्यासाठी ठसे कोरणे व व्यंगचित्रे काढणे, मूळचा जामखेड तालुक्यातला, हल्ली मुक्काम केडगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो. कोणाच्या दडपणाखाली नाही, असे पुढे लिहिण्याची रीत आहे. मला ते लिहिता येत नाही. दडपण आहे. कोणाचे, ते कलम दोनमध्ये येईल.

१. पत्नी मनकर्णा सात वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. माझ्या कोरण्या व लाकडी ठसे छापखान्यातले खिळे जुळवणारे गोरक्षनाथ यांना द्यावेत. मोठी कोरणी त्यांनीच डबा उघडताना बोथट केली आहे. धार त्यांनीच लावून घ्यावी.

२. ‘सीनाकाठ’ साप्ताहिकात १९५४ पासून माझे चित्र येते. भोळाजी शेतकरी दर आठवड्याला ‘जन्मभर आणि मंडळी’ या कंपनीची वस्तू आणतो, ती ऐन वेळी मोडते, आणि तो म्हणतो, “दुकानदार तर म्हनला, जन्मभर टिकंल!” यंदा दुष्काळी कामावरच्या घमेल्यांचे कान निखळू लागले, म्हणून मी घमेले काढले. ती पुरवणाऱ्या ठेकेदाराला वाटले, कंपनी म्हणजे आपणच. त्याची दोन माणसे घरी आली. “आतली बातमी कोन देतंय? खडी फोडनारी तुमची पुतनीच ना?” गुरुवारी परत येतो, असे सांगून गेली. पुतणी बायडाबाई त्याच कामावर आहे. अंधार पडता पडता एकटी घरी येते.

३. म्हणून नावाचा खरा उगम लिहितो. त्याचा या ठेकेदाराशी संबंध नाही. माझे थोरले बंधू, बायडाबाईचे वडील सूर्यभान, १९५४ च्या उन्हाळ्यात विहिरीचे काम चालू असता दोर तुटून पडले व वारले. पाय घसरला, असे मी सर्वांना सांगितले. दोर मी आणला होता. चांगला सोडून हलका घेतला, कारण दुकानदार म्हणाला, “न्या, जन्मभर टिकंल.” तुटलेले टोक मीच चुलीत घातले. ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून तीन महिन्यांनी त्याचे चित्र केले. लोक हसले. संपादकांनी आणखी मागितले.

४. एवढे लिहून बायडाबाईला वाचून दाखवले. तिने विचारले,

“आयला म्हाईत हाय?”

“न्हाई.”

“मग सह्या व्हायच्या आदी तिला सांगा, नाना. तिनं हे वकिलाच्या तोंडून ऐकू नये.”

रविवारी जामखेडची एसटी धरली. वहिनी झुंबरबाई ओट्यावर गोधडी शिवत होत्या. मी सगळे सांगितले. सुई थांबली नाही. शेवटी म्हणाल्या, “बायडी माहेरी आली की तुमचं चित्र वाचून दावायची. मी हासायचे, भावजी. पोट धरून हासायचे.” त्यांनी जा म्हटले नाही, बसा म्हटले नाही.

५. केडगावचे दोन खोल्यांचे घर मी वहिनींच्या नावे लिहिले होते. सोमवारी त्या आपण होऊन नगरला आल्या. वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष न घातलेली बरी. वहिनी म्हणाल्या, “मग घरावरनं माजं नाव काढा. मला साक्ष घालायचीय.” म्हणून घर बायडाबाईस दिले आहे.

६. कलम तीन येत्या गुरुवारच्या अंकात माझ्या चित्राच्या जागी छापायचे आहे. गोरक्षनाथांनी खिळे जुळवून ठेवले आहेत. ठेकेदाराच्या माणसांना पहिला अंक मी दारातच देईन. भोळाजीचे चित्र यापुढे कोणी काढू नये.

मुक्काम केडगाव, ता. २० मार्च १९७३.

सही: गहिनीनाथ आसाराम ढवळे

साक्षीदार:
१. राधाकृष्ण गुंजाळ, शेजारी. सही.
२. झुंबरबाई सूर्यभान ढवळे. डाव्या अंगठ्याचा ठसा. मजकूर दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा त्यांच्या सांगण्यावरून, फक्त कलम तीन.