वाळवंटातला होडीवाला

२ जून

लहानपणी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ठोकळा घरात आला आणि आम्हा तिघा भावंडांनाही एकाच वेळी वाचायचा होता. अकराशे पानांची कादंबरी – राज्य गमावलेल्या दोन राजकन्यांची. तीन दिवस भांडणं झाली. शेवटी दादाने पावाची सुरी घेतली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या पुस्तकाचे तीन भाग केले, पाव कापावा तसे. धाकटीने कागदाचा भुगा हाताने गोळा करून खिडकीबाहेर टाकला. आईला महिनाभर पत्ता नव्हता.

पहिला भाग मला मिळाला. तो संपला आणि मला गोवर निघाला. डोळ्यांना उजेड नको म्हणून खिडकीवर जाड कापड ठोकलं, दार बंद. मी बारा वर्षांची, धाकटी नऊची. तिला आत यायला बंदी होती. ती रोज दुपारी बाहेर पॅसेजमध्ये, फोनच्या स्टुलाशी बसायची आणि दाराच्या फटीतून मला मधला भाग वाचून सांगायची. पान उलटल्याचा आवाज यायचा. उलटण्याआधी बोटाला थुंकी लावायची, तेही कळायचं मला.

पहिला आणि शेवटचा भाग अजून माझ्याकडे आहेत, नाडीने बांधलेले. आज काढले, कारण वाचनालयाच्या गटाने ठोकळाच निवडलाय. धाकटी असती तर तिला लगेच फोन केला असता. चार वर्षं झाली तिला जाऊन. हात अजून फोनकडे जातो.

९ जून

संताप आलाय. घरी येऊन चहा केला आणि तसाच ओतून दिला.

गटात सरळ दोन फळ्या पडल्या. फुलांच्या दुकानवाली म्हणाली, शहर पडतं तिथे ती रडली, गिऱ्हाईक समोर उभं असताना. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मला तर झोपेची गोळी लागली नाही.” सगळ्यात पुढे आमची मोजपट्टी – निवृत्त सर्वेअर, दर पुस्तकात रंगीत चिठ्ठ्या लावून आणतात. “मधली चारशे पानं हो! मीठ, वारा, मग परत मीठ. दोघी नुसत्या चालताहेत. मला वाटलं, मोजणी करायला निघाल्यात.” हशा.

पहिल्या भागाला काय म्हणायचं ते म्हणा. शेवट न पटणारेही असतात. पण मधला? मी म्हटलं, “आणि होडीवाला? तो कंटाळवाणा वाटला तुम्हाला?”

“कोण होडीवाला?”

कोरड्या तळ्यातला. जो भाडं म्हणून माणसाचा आवाज घेतो आणि पलीकडच्या काठावर परत देतो. मोठीची दृष्टी जाते, मग धाकटी राजकन्या दोरीला घंटा बांधून पुढे चालते – ते? मोजपट्टी म्हणाले, “ताई, ते दुसरं कुठलं तरी पुस्तक असेल.”

मी म्हटलं, तुम्ही संक्षिप्त आवृत्ती वाचलेली दिसते. मुलांची.

१० जून

दुसरं पुस्तक म्हणे!

१५ जून

नवी कोरी आवृत्ती विकत आणली. ‘संपूर्ण’ असं वर छापलंय. पाच दिवस मधला भाग वाचला. प्रथमच माझ्या डोळ्यांनी – गोवरातून उठले तेव्हा शेवटचा भाग हातात होता, मागे वळून कोण बघतो. मधला मला ठाऊकच होता.

होडीवाला नाही. घंटा नाही. मोठीला शेवटपर्यंत लख्ख दिसतं. मीठ आहे, वारा आहे, गवताच्या अकरा जाती आहेत.

कापलं! हल्लीच्या लोकांना दम नाही म्हणून सगळ्यात सुंदर तेवढंच कापलं आणि वर ‘संपूर्ण’ छापायला लाज नाही वाटली. प्रकाशकाला पत्र लिहिलं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, रागात लिहू नये, आणि लिहायचंच असेल तर अक्षर तरी नीट काढावं. अक्षर नीट काढलं. बाकी काही सोडलं नाही.

२३ जून

गेले नसते तर बरं झालं असतं.

मोजपट्टींनी कुठून तरी पहिली आवृत्ती मिळवली होती. पाठीला चिकटपट्टी, पानं पिवळी. माझ्यासमोर ठेवली. मधल्या भागात दर दहा पानांवर एक चिठ्ठी. “सगळं पाहिलं, ताई. दोनदा. नाहीये तो.” हसले असते तर मी भांडले असते. ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, “होतं असं आपल्या वयात. मीही परवा भावाचं नाव विसरलो.”

ग्रंथपाल बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. कोणीतरी पंख्याचा वेग वाढवला. मला आजारी माणसासारखं रिक्षापर्यंत पोचवायला फुलांच्या दुकानवाली आली – ती, जी माझ्या बाजूची होती. माझा हात धरून.

२५ जून

ग्रंथपाल बाईंनी लेकीला फोन केला. काळजीपोटी, म्हणे. त्यांना कोणी सांगितलं होतं?

लेक ऑफिस सोडून आली. “आई, राग मानू नकोस.” म्हणजे राग येण्याजोगं काही येणार. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या गुरुवारची. आणि हे घर बंद करून मी तिच्याकडे राहायला जायचं. तिच्या मते लक्षणं आधीपासूनच आहेत. “मागे किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या होत्या.”

“त्या तुझ्या होत्या.”

“ते जाऊ दे. आई, तू एका पुस्तकात नसलेली माणसं बघतेस.”

माझं घर. माझी खुर्ची, माझा चहाचा डबा, दुपारचं ऊन जिथे येतं ती जागा. एका होडीवाल्यापायी सगळं सोडायचं. जावयांनी खोल्यांची मापंही घेतली म्हणे. माझा पलंग त्यांच्या अभ्यासिकेत बसतो.

मी ओरडले नाही. नात शेजारी बसली होती, माझ्याकडे टकामका बघत. जणू मी फुटेन.

२८ जून

प्रकाशकाचं उत्तर. दोन ओळी, अत्यंत सभ्य. कोणत्याही आवृत्तीत एक शब्दही गाळलेला नाही.

रात्री हाताची बोटं मोजून नावं आठवत बसले – वर्गातल्या मुलींची, सिस्टरांची, रांगेतली कोण कुठे उभी राहायची. सगळी आठवली. मग होडीवाला कुठून आला?

भीती वाटतेय. रागापेक्षा हे वाईट.

३० जून

दादाला फोन केला. ऐकू कमी येतं त्याला, त्यामुळे सगळं ओरडून विचारावं लागलं. मधल्या भागात होडीवाला होता का?

“मला काय विचारतेस? मी अर्धाच वाचला. वसतिगृहात घेऊन गेलो आणि तिथे कोणी लांबवला. त्या दोघी माझ्यापुरत्या अजून वाळवंटातच आहेत.”

“घेऊन कधी गेलास?”

“अगं, तुला गोवर निघाला त्याच दिवशी. मला लागण नको म्हणून आईने पेटी भरून लवकर पाठवलं. भाग पेटीतच होता. धाकटी रडली त्यावरून. तिला वाटलं होतं, तो तिला मिळेल.”

फोन ठेवला.

म्हणजे तिच्याकडे भागच नव्हता. एक पान नव्हतं. खोटारडी! सगळं आयुष्य मी तिच्या थापा उराशी धरून बसले, त्यावरून लोकांशी भांडले, वेडी ठरले, घर जायची वेळ आली – आणि ही सांगून गेली नाही. लग्नात नाही, तिच्या आजारपणात मी रोज उशाशी बसायचे तेव्हा नाही. त्या ठोकळ्याबद्दल कितीदा बोललो आम्ही. ती नुसती हसायची. शेवटच्या आठवड्यातसुद्धा मी म्हटलं होतं, होडीवाला आठवतो का गं? म्हणाली, “त्याचं काय, तो प्रत्येकाला परत देतो.”

तिचा फोटो पालथा घातलाय. असू दे तसाच.

१ जुलै

पहाटे आठवलं. मी बरी झाल्यावर आईने तिला फटके दिले होते. टेलिफोन डिरेक्टरीची पानं थुंकीने ओलावून खराब केली म्हणून. मी समोर उभी होते आणि मला काही कळलं नव्हतं.

आणि मोठीची दृष्टी. खिडकीवरचं कापड ज्या दुपारी निघायचं होतं, त्याच दुपारी गोष्टीतल्या मोठीला दिसायला लागलं. योगायोग वाटला होता मला.

फोटो सरळ केला. लेकीला, दादाला सगळं सांगितलं. लेक फोनवर म्हणाली, पलंग आहे तिथेच राहू दे.

आता माझ्यामागे कोणाला काय, ते लिहून ठेवते. पहिला भाग मोजपट्टींना – आणि त्यांना सांगावं की मधला खरंच कंटाळवाणा आहे, त्यांचं बरोबर होतं. शेवटचा दादाला, म्हणजे त्याच्या दोघी वाळवंटातून बाहेर येतील. नवी आवृत्ती वाचनालयाला. डॉक्टरांची गुरुवारची वेळ ज्याला गरज असेल त्याला.

धाकटीचा मधला भाग नातीला. तो लेकीने द्यायचा, मी शनिवारी लेकीला सगळा सांगणार आहे. लिहून देऊ नये. दार लावून घ्यावं, बाहेर बसावं, फटीतून सांगावं. मधूनमधून पान उलटावं. कुठलंही चालेल.