खुशी कोणाकडे बघून हसते

अमरावती,
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वर्षाली,

तुला आणि धर्मेंद्रभाऊजींना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे.

घरोघरी मोबाइल असताना जाऊबाई कागद घेऊन का बसल्या, असं म्हणशील. अगं, माझा फोन दिवसभर खुशीच्या हातात असतो आणि हे तिनं वाचायला नको. भाऊजी बडनेऱ्याला ड्यूटीवर आले की घरी डोकावतातच, त्यांच्या पिशवीत घालून देते. उत्तरही असंच पाठव.

काम असं आहे की मला कॅमेरा घ्यायचा आहे. तुझ्याकडे आहे तसा, गळ्यात अडकवायचा, लेन्स काढता-घालता येणारा. तुझ्या वडिलांचा मूर्तिजापूरला स्टुडिओ, तू त्यातच वाढलीस. मला मात्र लेन्सचं झाकण काढायचं असतं एवढंच माहीत. नवशिक्या बाईनं कोणता घ्यावा? लेन्स एक पुरते की दोन लागतात? घरातल्या ट्यूबलाइटमध्ये फोटो पिवळे येतात त्याला काय करायचं? लग्नसमारंभ काही काढायचे नाहीत, फक्त घरची माणसं.

एकाएकी हे खूळ कुठून शिरलं, असं यांनीही विचारलं. मी म्हटलं, पोरगी कॉलेजला चालली, चार फोटो नकोत का? तसे फोटो आहेत म्हणा. तू फ्रेम करून दिलेला तो गच्चीवरचा, केस धुतलेले आणि खुशी डोळे मिटेस्तोवर हसतेय, तो आमच्या बैठकीत समोरच लावला आहे. येणारा प्रत्येक जण आधी तो बघतो आणि विचारतो, कोणी काढला? मी सांगते, आमच्या धाकट्या जावेनं. मग मी आत जाऊन चहा ठेवते.

खुशीचा तुमच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नंबर लागला, त्याचे पेढे भाऊजींबरोबर पाठवलेत. तिनं तुझ्याकडेच राहावं असं तू म्हणालीस, ते लक्षात आहे. बघू सावकाश. हॉस्टेलही चांगलं आहे म्हणतात.

तुझी थोरली जाऊ,
ज्योत्स्ना

---

अमरावती,
२१ ऑगस्ट २०२५

चि. वर्षाली,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अक्षरही फोटोसारखंच सुबक काढतेस बाई.

तू लिहिलंस की कॅमेऱ्याबरोबर जी लहान लेन्स येते तीच आधी वर्षभर वापरा, मग पन्नास एमएमची घ्या. ती चेहऱ्यांना छान आणि कमी उजेडातही चालते. लांबच्या झूमच्या नादी लागू नका, घरात तिचा उपयोग नाही. राजकमल चौकाजवळच्या दुकानात इमरानभाई आहेत, त्यांनीही शब्दशः हेच सांगितलं. "भाभी, घरच्याच लोकायचे फोटो काढनं हाय ना? मंग एवढी लंबी लेन्स काय कराले पायजे?" म्हणे.

तिथंच माझं डोकं फिरलं. तुझंच ऐकायचं तर तुझ्यासारखेच फोटो काढायचे, आणि तेही तुझ्याहून वाईट. मी लांबची झूम घेतली. तुझ्याकडे आहे त्याहून लांब आहे, विचारून घेतलं. बरोबर आलेली लहान लेन्स अजून डब्यातच आहे.

घरी आले, खुशीला बैठकीत बसवलं आणि डोळा लावला तर नुसतं नाक! मागे सरकत सरकत भिंतीला टेकले, तेव्हा कुठे हनुवटी दिसली. दारातून ओट्यावर गेले, ओट्यावरून रस्त्यावर. शेवटी समोरच्या सत्यभामाबाईंच्या ओट्यावर उभी राहून मी माझ्याच बैठकीतल्या माझ्याच लेकीचा फोटो काढला. मध्ये एक ऑटो येऊन थांबला. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "काहून व ज्योत्स्ना, घरात जागा नाई का तुले? लोकायच्या घरी जाऊन आपल्याच घरात डोकावून राहिली!" सगळी गल्ली हसली.

त्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते फोटो बघून. खुशी माझ्या कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड काढायला बसावं तशी बसते. मान ताठ, ओठ मिटलेले. मी म्हटलं, हस ना गं. तर दात दाखवते, हसत नाही. "आई, लवकर काढ ना, मले काम आहे." तुझ्यासमोर हिला कधी काम नसतं. तू गच्चीवर नेलंस तर तासभर उन्हात उभी राहते.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहूनच टाकते. मला तुझा हेवा वाटतो, वर्षाली. कॅमेऱ्याचा नाही. अठरा वर्षं वेणी मी घातली, दुखणी मी काढली, आणि ते हसू तुझ्या वाट्याला. त्या फ्रेममध्ये ती ज्या कोणाकडे बघतेय ती तू आहेस. तो फोटो पुसताना मला रोज ते दिसतं.

म्हणून एक सांगते, राग मानायचा तर मान. यंदा महालक्ष्म्यांना येताना कॅमेरा आणू नकोस. फोटो मी काढणार. हॉस्टेलची चौकशी यांनी केली आहे, जागा मिळेल म्हणतात.

ज्योत्स्ना

---

अमरावती,
६ सप्टेंबर २०२५

प्रिय वर्षाली,

महालक्ष्म्यांचे तिन्ही दिवस तू आमच्याकडे होतीस, पण आपण दोघी एकट्या अशा बसलोच नाही. तू खरंच कॅमेरा न घेता आलीस. भाज्या चिरल्यास, आंबील ढवळलीस, फुलोरा बांधलास. माझ्या पत्राबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं होतं तोंड फुगवून येशील, म्हणजे मलाही फुगवता आलं असतं.

माझे फोटो तू मागितले नाहीस, मीही दाखवले नाहीत. आता सांगते. झूम मी गुपचूप डब्यात ठेवली आणि लहान लेन्स लावली, कारण सत्यभामाबाईंच्या ओट्यावरून आरती काढणं शक्य नव्हतं. मागच्या पडद्यात बघून काढलं की हा कॅमेरा स्वतःच चेहरे शोधतो आणि त्यावर चौकोन ठेवतो. मी निवांत होते. पण त्यानं आपल्यातला एकही चेहरा धरला नाही गं! ज्येष्ठा आणि कनिष्ठा, त्यांचेच मुखवटे धरले. सगळ्या फोटोंत दोघींच्या नथीतला मोती न् मोती दिसतो आणि पुढं तुम्ही सगळे आरती ओवाळताना भुतासारखे पुसट. माणसं हलली, लक्ष्म्या काही हलल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष्म्याइचा फोटो चांगला आला ना? मंग झालं तं."

तुम्ही अकोल्याला परत गेलात त्या दुपारी मी ते फोटो बघत बसले होते. खुशी शेजारी येऊन बसली. एका फोटोत तू होतीस, पुसटच, तिच्या खांद्यावर हात ठेवून. ती म्हणाली, "काकूचा फोटो पयल्यांदा आला आपल्या घरात." आणि खरंच गं, इतक्या वर्षांच्या अल्बमांत तू कुठेच नाहीस. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

मग मी विचारलंच. म्हटलं, काकू असं काय करते की तू एवढी हसतेस? माझ्यासमोर का नाही हसत?

ती म्हणाली, "तू चिडशीन."

"नाही चिडत."

"काकू कॅमेरा डोयाले लावते अन् म्हणते, तुई आई सकाळी कशी वरडते, करून दाखव. मंग मी तुई नक्कल करतो, अन् मले हासूच आवरत नाई."

मी चिडले. माझी नक्कल, माझ्या माघारी, आणि तीही माझ्याच गच्चीवर! त्याच फोटोची फ्रेम करून माझ्याच बैठकीत! तू समोर असतीस तर आंबिलीचं पातेलं तुझ्या डोक्यात घातलं असतं, हे अगदी मनापासून लिहिते आहे.

खुशी घाबरून बघत होती. मी कॅमेरा उचलला आणि म्हटलं, कर आता माझ्यासमोर.

तिनं ओढणी कमरेला खोचली, एक हात कमरेवर ठेवला, आणि असला आवाज काढला की काय सांगू. "ओ खुशे! उठून राहिली, का गादीसंगं तुले बी वायत घालू?" आतल्या खोलीत सासूबाई पडल्या होत्या. तिथून त्या म्हणाल्या, "ज्योत्स्ना, दुपारी काहून वरडून राहिली त्या पोरीवर?"

त्यावर मी जी हसायला लागले! कॅमेरा हातात हलायला लागला. मला बघून खुशी हसायला लागली, डोळे मिटेस्तोवर, अगदी तशीच. मी कसंबसं बटण दाबलं. फोटोत अर्धं दार आलं आहे, खुशी तिरपी आहे, काहीच स्पष्ट नाही. तू बघितलास तर त्यात दहा चुका काढशील. मी तो तुझ्या फ्रेमच्या शेजारी लावला आहे. आता येणारे विचारतात, हा कोणी काढला? मी सांगते, मी काढला. ते परत तुझ्या फ्रेमकडे बघायला लागतात.

तुझ्या फोटोकडेही आता वेगळ्या नजरेनं बघते. इतके दिवस वाटायचं त्यात मी नाही. त्यात नुसती मीच आहे, ओरडणारी. तरी जळणं संपलं म्हणशील तर नाही. माझ्या लेकीला काय केलं की हसू येतं, ते तुला माझ्याआधी कळलं, याचा हेवा आहेच. तो राहू दे. तुझ्यापासून लपवायचा नाही एवढंच ठरवलं आहे.

हॉस्टेलला नको म्हणून यांना सांगितलं. खुशी रविवारी भाऊजींबरोबर तुझ्याकडे येते आहे. उठायला आळशी आहे, तुला ओरडावं लागेल. झूम मी इमरानभाईंना परत करून पन्नासची घेतली आणि ती तिच्या बॅगेत घातली आहे. चेहऱ्यांना छान म्हणालीस ना, मग तूच वापर. माझा कॅमेरा इथंच राहील, दिवाळीला तुझा फोटो मी काढणार आहे, लक्ष्म्या मध्ये नसताना.

तिचे फोटो काढत जा आणि पाठवत जा. हसवायचं असेल तर माझीच नक्कल करायला लाव, चालेल मला. पण वर्षाली, माझ्यावाचून दुसऱ्या कशावर ती तशी हसायला लागली, तर तो फोटो तेवढा मला पाठवू नकोस.

तुझी,
खुशीची आई