फूटपट्टीने मोजलेलं अंतर

मित्तिमातालिक, उत्तर कॅनडा, ९ मार्च

ती. आजीस,
उलायुकचा सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली माझी एक चूक आधी दुरुस्त करते. इथून इग्लूलिकला विमानाने सव्वा तास लागतो, असं मी कळवलं होतं. शाळेच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजलं होतं, तीनशे नव्वद किलोमीटर. अंतर बरोबर आहे, पण तसं विमानच नाही. आधी दक्षिणेला इकालुइटला जायचं, तिथे रात्र काढायची आणि पुन्हा उत्तरेला तुझ्याकडे यायचं. सगळं मिळून साधारण एकोणीसशे किलोमीटर, पाचेक तास हवेत.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन २१ एप्रिलला इकालुइटलाच आहे. तेव्हा तू मामीबरोबर ये, मी तिथेच भेटते. तारीख दोनदा तपासली आहे.

मोजमाप चुकलं म्हणून लोभ कमी करू नये.

तुझी नात,
उलायुक

इग्लूलिक, २० मार्च

ती. आईस,
तुझ्या इनुकीचा नमस्कार.

पुन्हा मला आजी लिहिलंस. माझ्या आईचं नाव तुला ठेवलं त्या दिवसापासून तू माझी आई. बावीस वर्षांत एवढं अंगवळणी पडायला हवं होतं.

सव्वा तास म्हणजे शेजारचं घर. आई केव्हाही दारात उभी राहील म्हणून मी मुरवलेलं वॉलरसचं मांस रोज बाहेर काढून ठेवत होते. त्याच्या वासाने तुझी मामी या थंडीत खिडक्या उघडून बसली आहे. पत्रही तीच लिहिते आहे, तेव्हा अक्षर रागीट दिसेल.

उजवा डोळा गेलाच. डाव्याने आता सुईत दोरा ओवता येत नाही. तरी तू शेजारी असल्याशिवाय मी विमानात चढणार नाही आणि डोळ्याला सुरी लावू देणार नाही. नर्सबाईंना सांगितलंय, आईला विचारून सांगते.

आणि वाटेचं मला काय सांगतेस? मी दोन वर्षांची असताना अंगरख्याच्या पाठीवरच्या मोठ्या टोपीत घालून तूच मला तिथून इथे आणलंस. घसरगाडीची कुत्री तूच हाकलीस. नऊ मुक्काम झाले, तेव्हा भ्यायली नाहीस. तुझा मामेभाऊ जेमेसी ११ एप्रिलला हॉकीच्या सामन्यांना तिकडे येतोय. परतताना त्याच्या स्नोमोबिलमागची घसरगाडी रिकामी असेल. दोन दिवसांची वाट आहे.

लेकीची आठवण ठेव.

इनुकी

ता. क. हे माझं, मामीचं. ये बाई. खिडक्या लावायच्या आहेत.

मित्तिमातालिक, १ एप्रिल

चि. इनुकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विमानाने तुला आणायला आले, तर इकालुइटवरून इग्लूलिकला आणि तुला घेऊन पुन्हा इकालुइटला. एक दिवस हवा बिघडली की २१ तारीख हुकली. म्हणून जेमेसीला फोन केला. बर्फ किती जाड आहे, पेट्रोल पुरेल का, सोबत सॅटेलाइट फोन आहे का, हे विचारलं. तो हसला. मी तेच पुन्हा विचारलं, तेव्हा नीट उत्तरं दिली.

मला भीती वाटते, हे लपवत नाही. पण नऊ मुक्काम मी कुत्री हाकली असतील, तर दोन दिवस नुसतं बसून राहायला जमेल.

डोळा चोळू नकोस. मांस झाकून ठेव. मामीला छळू नकोस. हे पत्र इकालुइटवरून फिरून येणार आणि मी सरळ येणार. कदाचित मीच आधी पोचेन आणि तुला वाचून दाखवीन.

माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही. तुझी आई उलायुक मंगळवारी, १४ एप्रिलला, सकाळी सहा वाजता निघते आहे.