पाठीखालचा हात

आबा, जपानात जाऊन मी कुस्ती बघून आलो. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. हे तुमच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, कारण तिकडची ती कुस्ती म्हणजे तुमच्या भाषेत निव्वळ नुरा. कोण पडणार, कोण जिंकणार, सगळं आत बसून ठरवायचं आणि मग बाहेर येऊन एकमेकांना आपटायचं. घरात टीव्ही नवा असताना आम्ही भावंडं असल्याच कुस्त्या लावून बसलो होतो. तुम्ही शेतातून आलात आणि पायताणसुद्धा न काढता दारातूनच म्हणालात, "बंद करा ते. ठरवून पडलेला मानूस बघू न्हाई, डोळे नासतेत." तुम्ही असेपर्यंत तो कार्यक्रम पुन्हा आपल्या घरात लागला नाही. म्हणजे तुम्ही घरात असताना लागला नाही.

तुमची नात तिकडे नोकरीला आहे. मी नोकरीतून मोकळा झालो तसं तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. देवळं दाखवली, डोंगर दाखवला, आणि मग म्हणाली, "बाबा, आपल्या घरात एवढी कुस्ती होऊन गेली, इथली बघितल्याशिवाय कसं जाणार?" पहिली बघितली ती मोठ्या शहरात. दिवे, धूर, कानठळ्या बसवणारं संगीत. एकानं दुसऱ्याला दोरीवरून बाहेर फेकला तशी तुमची सून उभीच राहिली. "आगं बाई, कुणी सोडवा ना त्येला!" मी समजावलं की हे ठरवून असतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ठरवून हाय म्हणताव, मग छाती लाल कशानं झाली त्येची?" दुसऱ्या ठिकाणी बाया लढत होत्या. तिथं तर तुमची सून माझ्याशी बोललीच नाही, नुसती टाळ्या वाजवत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आमाला तालमीच्या दारातबी उभं राहू देत नव्हते तुमी लोक." तिला खरं तर तुम्हालाच सुनवायचं होतं, सापडलो मी.

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या ठिकाणाचं. गाव लहान, आपल्या पिंगळीएवढं लहान नसेल, पण फार मोठंही नाही. स्टेशनातून चालत जाण्याच्या अंतरावर कसरतीचं सभागृह होतं. दारात पायातलं काढून पिशवीत घालून हातात धरायचं, तालमीत जाताना काढतो तसं. आत जमिनीवर चटया टाकलेल्या. म्हाताऱ्या बायका डबे घेऊन आलेल्या, लेकरं मांडीवर. हलगी नव्हती, पण लोक पायांनी अशी लय धरायचे की मला हलगीची उणीव भासली नाही. मधोमध चौथरा, त्याला चारी बाजूंनी दोर. माणूस त्यावर आपटला की खालच्या फळ्यांचा आवाज छपराला लागतो. आपल्या ताक, तेल, हळद घालून मळलेल्या मातीत माणूस पडला तर शेजारच्यालाही कळत नाही.

शेवटची कुस्ती एका केस पिकलेल्या पैलवानाची आणि त्याच गावातल्या एका तरण्याची. कोण जिंकणार हे तुमच्या सुनेनंही बरोबर ओळखलं. शेवटी म्हातारा उताणा पडला, तरणा त्याच्या छातीवर पसरला आणि पंच खाली गेला. बुटका, टकला माणूस. तो वाकला नाही आबा, तो पालथा झाला. गाल फळीला टेकवून त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्याखाली डोळा लावला आणि मग हात आपटून तीन मोजले. निकाल आधीच ठरलेला होता, त्यालाही ठाऊक होता, तरी तो फट शोधत होता. आणि कुस्ती संपल्यावर उजेडाकडे, लोकांकडे न बघता त्यानं आपला हात म्हाताऱ्याच्या पाठीखाली घातला आणि त्याला सावकाश बसता केला. तुमच्या सुनेनं विचारलं, "का वो, डोळे का पुसायलाव?" मी म्हणालो, "उकडतंय." थंडीचे दिवस होते.

आपल्या फडातले इतर पंच कमरेतून वाकून बघायचे. तुम्ही मातीत पालथे व्हायचात. गाल मातीला लावायचात, आणि तरीही शंका उरली तर दोन बोटं पैलवानाच्या पाठीखाली सरकवायचात. बोटं सरकली तर कुस्ती चालू, अडकली तर शिट्टी. पोखर्णीच्या जत्रेपासून चारठाण्यापर्यंत तुमच्या बोटांवर कुणी शंका घेतली नाही. आमच्या वाट्याला मात्र तो हात धपाटा म्हणूनच यायचा. तालमीतली मालिशसुद्धा तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगायचात.

आपल्या गावच्या दंगलीत माझी जोड जिंतूरकडच्या पैलवानाशी लागली, तेव्हा तुम्ही शिट्टी गळ्यातून काढून ठेवली होती. "माझ्या पोराची कुस्ती मी बघत न्हाई." लोकांनी ऐकलं नाही. समोरच्या पैलवानाचा वस्तादच म्हणाला, "आबा, तुमीच बगा. आमाला तुमच्यावर भरवसा हाय." त्या भरवशापायी तुम्ही परत फडात उतरलात. बराच वेळ चालली कुस्ती. मग त्यानं मला उलथलं. मी मानेवर आणि टाचांवर अंग तोलून धरलं. आभाळ दिसत होतं, हलगी ऐकू येत होती, आणि कानाशी तुमचा श्वास. मग पाठीखाली हात आला. दोन बोटं नव्हेत, अख्खा तळवा. तो लगेच निघालाही नाही. मग शिट्टी वाजली आणि तुम्ही त्याचा हात वर केलात.

संध्याकाळी चुलीपुढं जेवायला बसलो तर मामा फणफणत आले. "दाजी, तुमी ठरवूनच गेलता. लोकांनी नाव ठिवू न्हाई म्हणून पोटच्या पोराला पाडलं. ही नुरा न्हाई तर काय हाय?" आईनं तव्यावरची भाकरी उलटायची सोडली. नुरा हा शब्द तुमच्याच घरात, तुमच्याच ताटापुढं. मला वाटलं तुम्ही मामांना हाकलून द्याल. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही मला काही विचारलंत. "लागली हुती का रे पाठ?"

"लागली हुती, आबा."

मामा हसले. "बगा, पोरगंबी बापाला सांभाळून घ्यायलंय." आणि मी बघतो तर तुमच्याही चेहऱ्यावर तेच. तुम्हाला माझं खरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही कुठल्याच फडात शिट्टी धरली नाही. पोखर्णीची माणसं दरसाल जीप घेऊन यायची, चहा पिऊन परत जायची. गुडघे धरलेत म्हणून तुम्ही सांगायचात. त्याच गुडघ्यांनी तुम्ही भांडण झालं की पिंगळीच्या स्टेशनापर्यंत पायी जायचात. मी नोकरीला लागेपर्यंत माझ्या खुराकाचं दूध मात्र तुम्ही चुकू दिलं नाहीत, तालीम सुटल्यावरसुद्धा. पेला ठेवायचा आणि निघून जायचं. एकदा दुपारी मी अचानक घरी आलो. तुम्ही ओसरीवर ज्वारीच्या पोत्यापाशी बसला होता. पोत्याखाली हात घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. मला बघून पोतं झटकल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "उंदीर लागलेत." मी त्यावर विश्वास ठेवला. जपानातल्या त्या सभागृहात, तो टकला माणूस हात सरकवताना बघून, मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही काय तपासत होता. तुम्हाला लोकांच्या बोलण्याचं काही नव्हतं. तुम्हाला तुमच्याच हाताचा भरवसा राहिला नव्हता. हात काढायला उशीर झाला, आणि तो मधे नसता तर पाठ मातीला लागली असती की नसती, हे तुम्हाला कधीच कळणार नव्हतं.

मलाही ते कळलेलं नाही, आबा. पण एवढं नक्की की तुम्ही काही ठरवून आला नव्हता. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. कपाटात तिकडून आणलेल्या रंगीत कागदी फिती आहेत, कुस्तीआधी पैलवानाचं नाव पुकारलं की लोक फेकतात त्या. त्यांच्याखाली ठेवतो.

पाठ लागली होती. मातीला नाही, तुमच्या तळव्याला. माझी मान अजून भरली नव्हती, मी आणखी थोडा वेळ टिकलो असतो. पण तुमचा हात असा कधी माझ्या पाठीला लागला नव्हता. तो खाली आला, आणि मला त्याच्यावर अंग टाकून द्यावंसं वाटलं.