कुंडीतली खरपुडी

५ सप्टेंबर
शाळेच्या बागेचा कारभार माझ्याकडे! मुख्याध्यापिका दीपमाला मॅडम म्हणाल्या, तुम्ही संस्कृत शिकवता, म्हणजे वनस्पती आल्याच. मला वनस्पतींची नावं आठही विभक्तींत चालवता येतात. समोर उभी केली तर ओळखत नाही. हे बोललो नाही.

१० सप्टेंबर
विद्यापीठातल्या अपेक्षाताई खरपुडीचा वेल देऊन गेल्या. सुतळीएवढा बारीक, फूल कंदिलासारखं. डोंगरावर आता क्वचितच दिसतो म्हणे. "सर, जपा हं."
सहावी ब ला सांगितलं – रोज पाहायचं, दिसेल तेच वहीत लिहायचं. मनचं काही नको.

१८ सप्टेंबर
पाणी घालायला पाळी लावली. ज्याची पाळी नाही तो रुसतो! शेवटी सगळ्यांना रोज बाटलीचं एकेक झाकण पाणी. पोरं बेचाळीस. शिपाई वहाबभाई म्हणाले, "सर, वेलाला पोहता येतं का?"

२६ सप्टेंबर
इथल्या एका दैनिकाचा मी बिनपगारी वार्ताहर. आज बातमी छापून आली – 'उस्मानपुऱ्यातील शाळेत दुर्मिळ वेल डौलात'. डौल माझाच.

१० ऑक्टोबर
वेल पिवळा.

१४ ऑक्टोबर
दसऱ्याची सुट्टी संपवून आलो. वेल नाही. चिखल आहे.

१५ ऑक्टोबर
पाप केलं. शाळा भरण्याआधी घरच्या कुंपणावरचा गुळवेल तोडून कुंडीत खोचला. संस्कृतात ह्याला अमृता म्हणतात – तोडला तरी मरत नाही. माझ्यासारख्या माळ्यासाठीच जन्मलेला.
सहावी ब मधल्या झेबानं विचारलं, "सर, पानं बारीक होती ना? ही बदामाच्या आकाराची कशी?" मी म्हणालो, ऋतू पालटला की पानंही पालटतात. मधल्या सुट्टीनंतर मात्र ती वहीत बराच वेळ लिहीत होती.

२२ ऑक्टोबर
अपेक्षाताईंचा फोन. बातमी आत्ता वाचली, परवा वेल बघायला येतात. त्या एका नजरेत ओळखणार – आणि तेही पोरांसमोर! 'दिसेल तेच लिहा' म्हणणारे गुरुजी ते हेच.

२४ ऑक्टोबर
ताई आल्या. कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, हा तर गुळवेल. मी मुलांकडे बघत कबूल केलं – खरपुडी माझ्या हातून मेली, हा मी लावला. वर्गात कुणाची पापणी हलली नाही!
वहाबभाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं केला. कोरडी वाळू, आत लिंबाएवढा कंद. म्हणाले, खरपुडीचाच आहे, पाऊस सरला की हा झोपतो, जूनमध्ये उठतो. दसऱ्याच्या सुट्टीत त्यांनी तो कुंडीतल्या माझ्या तळ्यातून काढला होता. ताईंनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? "करमाडकडं लहानपणी लई खाल्ले, मॅडम."
मी विचारलं, आणि मला का नाही सांगितलं? "तुम्ही त्या गुळवेलाला लई जीव लावला होता, सर."

२५ ऑक्टोबर
वह्या तपासल्या. झेबाची वही, १५ ऑक्टोबर: 'कंद वहाबमामांच्या डब्यात आहे. सरांनी गुळवेल लावला. आम्ही पाळी लावली, रोज एकानं त्याला खरपुडी म्हणायचं. सरांना सांगायचं नाही. सर बागेत नवीन आहेत.'